जीपला सोंड लावायला कोल्हापूरला

नाशिकच्या आमच्या जीपवाल्या ग्रुपमध्ये माझं काम ठरून गेलं होतं. ओढा आला की सगळ्यांच्या चपला सांभाळत काठावर उभं राहायचं. पाणी किती खोल आहे ते बघायला मंडळी आधी अनवाणी उतरतात, मग गाड्या घालतात, मग पलीकडे जाऊन येड्यासारखी नाचतात. मी अलीकडे, चपलांच्या ढिगाशेजारी. कारण एकच, माझ्या जीपला स्नॉर्कल नाही. स्नॉर्कल म्हणजे इंजिनाला हवा घ्यायला बॉनेटच्या बाजूने थेट टपापर्यंत नेलेली नळी. पाणी बॉनेटवर आलं तरी गाडीचं नाक वर राहतं. नाकात पाणी गेलं की इंजिन खलास.

आमचे म्होरके देवधर सर यांनी दिवाळीआधी फर्मानच काढलं. भाऊबीजेनंतरच्या ट्रिपमध्ये तीन मोठे ओढे आहेत, स्नॉर्कल असेल तर या, नसेल तर घरी फराळ करा. मी पाळणाघर चालवते. वर्षभर दुसऱ्यांची पोरं सांभाळते, सुट्टीत दुसऱ्यांच्या चपला. म्हटलं, बास झालं. पाळणाघराला सुट्टी लावली, जीप काढली आणि कोल्हापूरचा रस्ता धरला.

कोल्हापूरच का, तर ही जीप मुळात तिथलीच. माझा आतेभाऊ संभाजीदादा शिवाजी पेठेत राहतो, घरामागे त्याचा म्हशींचा गोठा आहे. दुधासाठी नवा पिकअप घेतला तेव्हा ही जुनी डिझेल जीप त्याने मला दिली. फोनवर म्हणाला होता, "आमच्या गल्लीच्या तोंडाला आण्णाप्पा मिस्त्री हाय. पत्रा वाकवून सोंड करतोय नुसती. ये की दिवाळीला." सोंड हा त्याचाच शब्द. मला फार आवडला.

वसुबारस

गल्लीत गाडी घातली आणि गोठ्यातून धाडकन आवाज आला. पुढच्या क्षणी एक काळीभोर म्हैस खुंटा उपटून, गळ्यातलं दावं फरफटत, सरळ माझ्या अंगावर. जीपला बाजूच्या काचा नाहीत. मी डोळे मिटले आणि हॉर्नवर हात दाबून बसले. डोळे उघडले तर म्हैस मडगार्डला नाक लावून फुसफुसत उभी, शेपटी हलवत.

दारात संभाजीदादा पंचा खांद्यावर टाकून उभा होता. त्याने मला "आलीस व्हय" सुद्धा म्हटलं नाही. म्हशीकडेच बघत होता.

"वळखलं तिनं," म्हणाला. "गाडीचा आवाज वळखला बघ."

ही मैना. जीप दादाकडे होती तेव्हा ती लहान रेडी होती आणि जीपमागे पळतच मोठी झाली. आता हे पळणं काय प्रकरण आहे ते तिकडे न गेलेल्यांना सांगायला हवं. आमच्याकडे पाडव्याला नवरे ओवाळून घेतात आणि विषय संपतो. कोल्हापुरात पाडव्याला म्हशी पळवतात. म्हशीचे केस भादरून अंगावर नक्षी ठेवायची, शिंगं रंगवायची, कवड्यांची माळ, मोरपिसं, आणि मग मालक गाडी फटफटवत पुढे आणि म्हैस मोकळी मागे. दोरी नाही, दावं नाही. हजार गाड्यांच्या कल्लोळात आपल्याच मालकाच्या गाडीचा आवाज धरून ती पळाली पाहिजे. अख्खी पेठ बघायला जमते. ज्याची म्हैस पळाली तो वर्षभर ताठ मानेने हिंडतो.

आणि गेल्या पाडव्याला मैना पळाली नव्हती. दादाने मोटारसायकल काढली, पेठेतून फिरवली, आणि मैना भर चौकात बसली. बसली ती उठेचना. तेव्हापासून गल्लीतलं कुणीही दादाला भेटलं की विचारतं, "संभा, यंदा म्हशीला खुर्ची आणू का?"

"लई मनाला लावून घेतलंय त्यांनी," मालनवहिनी चहा देताना हळूच म्हणाल्या. "यंदा बसली तर पुन्हा पाडव्याला म्हैस भाईर काढणार न्हाई म्हणत्यात. सासऱ्यांच्या येळेपासनं चालत आलेलं हाय ओ. आणि तुमच्याकडं जीप मागायची लाज वाटतीया. मी बोलतो म्हटलं तर मलाच गप बस म्हणत्यात."

'मी बोलतो' वहिनीच म्हणाल्या. कोल्हापुरात बायकाही येतो, जातो, करतो म्हणतात. चार दिवसांत मलाही ती सवय लागली. परत आल्यावर पाळणाघरातल्या एका आईला मी "थांबा, बाळाला घेऊन येतो" म्हटलं, तेव्हा ती आत कोण पुरुष आहे म्हणून डोकावून बघत होती.

धनत्रयोदशी

सकाळी दादाने मला दुधाच्या कट्ट्यावर नेलं. तिथे म्हैस समोर उभी असते, धार थेट पेल्यात पडते, आणि पेला तुमच्या हातात. आमच्याकडे दूध पिशवीत जन्मतं अशी पाळणाघरातल्या पोरांची समजूत आहे. फेसाच्या मिशा पुसत आम्ही आण्णाप्पा मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्री म्हणजे आवाज. साधं "बसा" सुद्धा ते पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलं, मडगार्डवर टिचकी मारली. "हितं भोक पडंल. एकदा पाडलं की पुन्हा बुजत न्हाई, आधीच सांगतो. जुना फिल्टर काढून टाकायचा, नवा बसवायचा, वर सोंड. गाडी पाण्यात घाला न्हाईतर आडात."

मी हरखलेच. पण गोम अशी की लक्ष्मीपूजनाला दुपारी मिस्त्री दुकानाला कुलूप लावणार, भाऊबीजेला बहिणीकडे जयसिंगपूरला जाणार आणि तुळशीच्या लग्नापर्यंत येणार नाहीत. म्हणजे बसवायची तर पाडव्याच्या आधी. मी म्हटलं, उद्याच बसवा. दादाही म्हणाला, "बसवा की." मग आमच्यामागून भाजीची पिशवी घेऊन आलेल्या मालनवहिनी म्हणाल्या, "सोंड लावल्यावर आवाज त्योच ऱ्हाईल न्हवं?"

पाडव्याला मी जीप चालवायची आणि मैना मागे, हे आदल्या रात्री जेवताना न बोलताच ठरून गेलं होतं.

"वहिनी, इंजिनाचा आवाज मागनं येतोय, सायलेन्सरमधनं," मिस्त्री गरजले. "नाकानं कुणी बोलतंय का?"

"बघूया की मग," वहिनी म्हणाल्या.

तासाभरात गोठ्यासमोर प्रयोग मांडला गेला. मिस्त्रींनी जुना फिल्टर काढला. तो तेलाच्या वाटीचा, पत्र्याच्या डब्यासारखा, झाकण ढिलं. त्याजागी नळी जोडून त्यांनी तयार सोंड पुढच्या काचेच्या खांबाला सुतळीने बांधली. भोक न पाडता नुसतं ऐकायचं म्हणून. मी गाडी चालू केली. काय आवाज निघाला म्हणून सांगू. खर्जातला, भरदार, जबाबदार. माझी छाती फुगली. मैनाने मान वळवून एकदा बघितलं आणि परत वैरणीत तोंड घातलं.

मिस्त्रींनी जुना फिल्टर लावला. ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर ढिल्या झाकणातून बारीक 'सुंईऽऽ' असा आवाज आला, जो मी इतकी वर्षं गाडीचा दोष समजत होते. मैनाचे कान ताठ झाले आणि दावं ताणलं गेलं.

मिस्त्रींना पटेना. पुन्हा सोंड, पुन्हा वैरण. पुन्हा डबा, पुन्हा दावं. तोवर निम्मी गल्ली जमली होती आणि प्रत्येकाला मत होतं. एकजण म्हणाला सोंडेत शिट्टी घाला. दुसरा म्हणाला ते ढिलं झाकणच सोंडेच्या टोकाला बसवा. मिस्त्रींनी तेही केलं. 'सुंईऽऽ' टपावरून आलं आणि मैना मान वर करून आकाशाकडे बघत राहिली. लोक हसून हसून खाली बसले. मीही बसले.

"मी त्येच म्हणत हुतो," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "सगळा खेळ झाकणाचा हाय."

गर्दी पांगल्यावर दादा माझ्याजवळ आला. "विदे, तू बसीव सोंड. एवढ्या लांबनं आलीयास. म्हशीसाठी कुणी थांबतंय का?" हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हटलं, उद्या बघू.

नरकचतुर्दशी

सकाळी उटणं, आंघोळ, फराळ झाला आणि दादाने टूम काढली. "बिद्रीकडं जाऊया. मैतराच्या रानाजवळ ओढा हाय. पाण्यात घालून बघ गाडी. लागतीया का सोंड, त्ये तरी कळंल."

बिद्रीचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये तुम्ही. कारखान्याची चिमणी दिसली की दादा ती मला दाखवायचा, वळण आलं की ती गायब व्हायची, पुन्हा दिसली की पुन्हा दाखवायचा. ऊस इतका उंच की ओढा कुठे आहे ते दिसलंच नाही, एकदम चाकाखाली पाणी आलं.

उतरले. खरंच उतरले. पहिला गिअर, पाय स्थिर, पाणी बंपरला, पाणी दिव्यांना, आणि बघता बघता पलीकडे. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की उसातून बगळे उडाले. दादाने कपाळाला हात लावला. मी गाडी वळवली आणि पुन्हा घातली, या वेळी जरा खालच्या बाजूने. मध्यावर आले आणि बॉनेटवर पाणी चढलेलं दिसलं. माझा पाय आपोआप उचलला गेला. गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. पाणी सावकाश आत आलं. वहिनींनी बांधून दिलेले चिरोटे आमच्यादेखत डब्यासकट तरंगत गेले.

एका ट्रॅक्टरवाल्याने दोर लावून ओढून काढलं. त्याने आम्हाला ऊस सोलून दिला, मी कुठली ते ऐकलं आणि विचारलं, "पावणं, तुमच्या नाशकात पाणी न्हाई व्हय?"

"आहे की. पण तिथं मी काठावर असते."

मी घाईघाईने बॉनेट उघडलं. पाण्याची खूण फिल्टरच्या झाकणाखाली वीतभर थांबली होती. "बघितलंस? आणखी थोडं असतं तर गेलं असतं इंजिन. सोंड पाहिजेच."

"पाय उचललास म्हणून बंद पडली," दादा शर्ट पिळत म्हणाला. "सोंड लावून पाय सुधारत न्हाई."

दोन्ही खरं होतं. पण मला आता ओढ्याची चटकच लागली होती. परत येताना ओल्या सीटवर बसून मी ट्रिपमधले तीनही ओढे मनात पार केले. दादा उसाचं कांडं चघळत मला एकेका गावाचं नाव सांगत होता आणि माझं लक्ष नव्हतं. घरी पोहोचेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, सोंड बसवायची.

लक्ष्मीपूजन

सकाळी किल्ली घेऊन बाहेर पडले. मिस्त्री दुपारपर्यंत दुकानात होते. गोठ्यापाशी दादा मैनाला भादरत बसला होता. अंगावर थोडे थोडे केस ठेवून नक्षी काढतात ती. मी म्हटलं बघू तरी काय काढलंय. तर मैनाच्या पाठीवर एक जीप. लहान पोरांच्या चित्रात असते तशी, चाकं वाकडीतिकडी, एकच दिवा, आणि वर सोंडबिंड काही नाही.

"आता मागं पळायची न्हाई, तर निदान पाठीवर तरी असू दे," तो म्हणाला आणि पुन्हा वस्तरा चालवायला लागला.

मला राग आला. खरंच आला. एक तर बसीव म्हणतोस, वर असली चित्रं काढून ठेवतोस. नीट भांडून मागितली असतीस जीप तर मीही नीट भांडले असते. आता काय करू? मी तिथेच गोठ्याच्या कठड्यावर बसले. मग मिस्त्रींना फोन करून सांगितलं की दुकान खुशाल बंद करा. मला फार वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. दादाला म्हटलं, "उद्या पाडव्याला मीच चालवणार. आणि मैना बसली तर त्या खुर्चीवर मी तुला बसवीन."

दादाने वस्तरा खाली ठेवला आणि तोंड पंच्यात घातलं. वहिनी आतून म्हणाल्या, "मी आणखी चिरोटे करतो."

पाडवा

पाडव्याच्या दुपारी पेठेत जो आवाज असतो त्याचं वर्णन करता येत नाही, कारण तो ऐकताना डोकं चालत नाही. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली, हलगी, शिट्ट्या, आणि त्यात नटूनथटून निघालेल्या म्हशी. एकीच्या शिंगांना झिरमिळ्या, एकीच्या पायांत चाळ, एकीच्या तर पाठीवर गॉगलचं चित्र. मालक म्हणाल तर नवरदेवाच्या बापासारखे तणतणत फिरत होते. मैनाची शिंगं वहिनींनी भगवी आणि गुलाबी रंगवली होती. ती मला अतिशय सुंदर दिसत होती.

मी स्टीअरिंगवर, मागच्या बाकावर वहिनी मैनाकडे तोंड करून, आणि बाजूने लाल फडकं बांधलेली काठी घेऊन दादा. दादाने दावं सोडलं. आजूबाजूच्या फटफटीत मला माझंच इंजिन ऐकू येत नव्हतं. मैनाला काय येणार?

पाय दाबला. सुंईऽऽ. मागे काहीच नाही. वहिनी म्हणाल्या, "बघतीया." पुन्हा दाबला. "कान हलवतीया." तिसऱ्यांदा मी पाय दाबला तो सोडलाच नाही, आणि वहिनी एकदम किंचाळल्या, "आली, आली, पळवा ताई, पळवा!"

मग काय झालं ते सलग आठवत नाही. आरशात एक गुलाबी शिंग येत होतं, जात होतं. दादा धावत होता, त्याची टोपी उडाली. चौकात कुणीतरी खरोखरच लाल प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. मैनाने तिच्याकडे बघितलंही नाही, खुर्ची उडाली आणि बघ्यांमध्ये जाऊन पडली. लोक असे ओरडले की हलगी ऐकू येईना. मी हसत होते, रडत होते, हॉर्न वाजवत होते. माझ्या मागे एवढं मोठं जनावर केवळ आपल्या मर्जीने पळत होतं. शेवटी रस्ता संपला म्हणून थांबले, नाहीतर मी थेट पन्हाळ्यावर गेले असते.

दादाला लोकांनी उचललं. खाली उतरवल्यावर तो धापा टाकत माझ्याकडे आला आणि त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मैनाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

गर्दीतून आण्णाप्पा मिस्त्री आले. त्यांचाही आवाज बसला होता. "ताई, सकाळी या दुकानावर. सोंड लावून देतो, मग जयसिंगपूरला जातो. बहीण कुठं पळून जातीया व्हय? ह्या पळण्यापुढं दोन तास उशीर म्हणजे काय."

मी अक्षरशः उडी मारली. दादाचा पाडवा झाला, माझे ओढेही होणार. त्या संध्याकाळी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर मी इतका ताव मारला की वहिनींनी पातेलं माझ्यापुढेच सरकवून दिलं. आमच्याकडे झणझणीत म्हणून जे मिळतं ते या रश्श्यापुढे बाळबोध आहे, हे मी नाशिककर असूनही लिहून देते.

भाऊबीज

सकाळी सगळे झोपेत असताना गाडी काढली. मिस्त्रींनी सगळं मांडून ठेवलं होतं, ड्रिल, करवत, चकचकीत सोंड, नवा फिल्टर. जयसिंगपूरला जायचे नवे कपडे खुंटीला लावून ते जुन्या बनियनवर कामाला लागले. मडगार्डवर खडूने गोल काढला. "हितनं कापतो बघा."

तेवढ्यात दारातला उजेड गेला. मैना. तुटलेलं दावं गळ्यात, पाठीवर जीप, कालचा गुलाबी रंग अर्धा उडालेला. आज कुणी तिला नटवलं नव्हतं, बोलावलं नव्हतं. गल्लीतून गाडी गेलेली ऐकून आली होती. ती आत शिरली, मडगार्डला नाक लावलं आणि खडूचा गोल चाटून टाकला.

मिस्त्रींनी पुन्हा काढला. तिने पुन्हा चाटला.

"आता काय करायचं ताई?" मिस्त्रींनी ड्रिल हातात धरून विचारलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं असेल. "मी म्हटलं न्हवं, एकदा भोक पडलं की पुन्हा बुजत न्हाई."

मी त्या सोंडेकडे बघितलं. हवी होती हो मला. पाण्यातून जाताना काय वाटतं ते एकदा चाखलं होतं. पण माझ्या येण्याजाण्यावर कान ठेवून बसलेलं जगात दुसरं कुणी नाही, घरीसुद्धा नाही, हेही मला त्या दारात उभं राहून कळलं होतं. ही गाडी उद्या भरदार आवाजात बोलायला लागली, तर मी या गल्लीतून जाईन आणि मैना वैरण खात राहील.

"राहू दे मिस्त्री," म्हटलं. "तुम्ही बहिणीकडे जा. वाट बघत असतील."

तिथूनच देवधर सरांना फोन लावला. मी येत नाही म्हटलं. त्यांनी का, विचारलं. म्हटलं, म्हैस सोडत नाही. ते बराच वेळ "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" म्हणत राहिले.

एवढ्यात दादा पळत आला, पायांत वेगवेगळ्या चपला. भोक न पडलेलं मडगार्ड बघितलं, कोपऱ्यात उभी केलेली सोंड बघितली, मग मला बघितलं. "येडी हायस," एवढंच म्हणाला. मी गाडी चालू केली. पेठेत अजून कुणी उठलं नव्हतं, फटाक्यांचे कागद रस्त्यावर पडले होते, बघायला माणूस नव्हता. मैना मागे चालायला लागली, तिच्यामागे दादा. कालच्या पळण्याने तिचे पाय भरून आले असतील असं वाटून मी घरापर्यंत पहिल्या गिअरमध्येच गेले.